दोन हिऱ्यांपैकी कोणता घ्यावा : अहवाल काय सांगतो आणि डोळ्यांनी काय पाहावे

प्रश्न असा आहे. अंगठीसाठी गोल हिरा घ्यायचा आहे, रक्कम ठरलेली आहे आणि दोन हिरे समोर आले आहेत. पहिला १.०१ कॅरेटचा, रंग एफ, शुद्धता व्हीव्हीएस-२, पण कटची, म्हणजे घडणीची, श्रेणी ‘गुड’. दुसरा ०.९२ कॅरेटचा, रंग एच, शुद्धता व्हीएस-२ आणि कट ‘एक्सलंट’. दोन्ही नैसर्गिक आहेत, दोन्हींसोबत जीआयएचा, म्हणजे जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या रत्नांची श्रेणी ठरवणाऱ्या संस्थेचा, अहवाल आहे आणि पहिल्याची किंमत बरीच अधिक आहे. वजन, रंग आणि शुद्धता या तिन्ही बाबतींत पहिला वरचढ असल्याने कल त्याच्याकडे आहे. मात्र प्रत्यक्ष हातात घेतल्यावर दुसराच अधिक आवडला, तर आपली नजर चुकते आहे का, अशी शंका विचारली आहे.

नजर चुकलेली नाही. हे दोन हिरे माझ्यासमोर असते, तर मीही दुसराच निवडला असता. त्याची कारणे जरा विस्ताराने मांडतो, कारण हे दोन्ही हिरे हातचे गेले आणि तिसराच समोर आला, तरी निवड कशी करावी हे त्यातून कळेल.

सुरुवात वजनापासून नव्हे, मापांपासून करावी. कॅरेट हे वजनाचे एकक आहे : एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे शंभर सेंट. हिरा वरून केवढा दिसेल हे मात्र त्याच्या व्यासावर ठरते. नीट घडवलेल्या एक कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास साधारण ६.४ ते ६.५ मिलिमीटर भरतो. प्रश्नात दिलेल्या मापांप्रमाणे पहिल्या हिऱ्याचा व्यास ६.२२ ते ६.२६ मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याचा ६.२४ ते ६.२७. म्हणजे बोटात घातल्यावर दोन्ही सारखेच मोठे दिसणार. मग पहिल्यातले जादा नऊ सेंट गेले कुठे? ते खोलीत आणि गर्डलमध्ये, म्हणजे हिऱ्याच्या कमरेच्या जाडीत, अडकले आहेत. पहिल्याची खोली व्यासाच्या ६४.३ टक्के आहे आणि गर्डल ‘जाड ते अतिशय जाड’ असे नोंदवले आहे. दुसऱ्याची खोली ६१.५ टक्के आहे. पहिल्यात ज्या वजनाचे पैसे जातात, ते वजन कोंदणाच्या आत राहते आणि कोणाच्याही नजरेस पडत नाही.

असे हिरे का घडवले जातात, हे समजून घेतले तर बाजारातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. हिऱ्याचा प्रतिकॅरेट भाव सरळ रेषेत चढत नाही, ०.५०, ०.७०, ०.९०, १.००, १.५०, २.०० अशा टप्प्यांवर तो एकदम उडी घेतो. कच्च्या हिऱ्यातून गोल हिरा घडवताना निम्मे किंवा त्याहूनही अधिक वजन घासण्यात जाते. उत्तम प्रमाणे साधली तर ०.९४ कॅरेट उरेल आणि थोडी खोली राखली तर १.०१ उरेल, अशी स्थिती असेल, तर कारागिराला वजन राखण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्यात फसवणूक नाही, कारण अहवालात सारे नोंदलेले असते. परंतु ‘पूर्ण एक कॅरेट’ हा आकडा मिळावा म्हणून त्या हिऱ्याच्या तेजाचा काही भाग खर्ची पडलेला असतो आणि त्याची किंमत ग्राहक मोजतो. टप्प्याच्या किंचित खाली असलेला, ०.९६ ते ०.९९ च्या दरम्यानचा सुघड हिरा मिळाला तर तो अवश्य पाहावा. असे हिरे थोडे असतात, पण मिळाले तर दिसायला एक कॅरेटचेच असतात आणि टप्प्याचा भाव द्यावा लागत नाही.

आता कटविषयी. रंग आणि शुद्धता निसर्गाने दिलेली असते. कट मात्र माणसाच्या हातचा असतो आणि हिऱ्याचे सारे तेज त्यावर अवलंबून असते. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ इतका मोठा असल्यामुळे आत शिरलेला प्रकाश आतल्या पृष्ठभागावर लंबापासून सुमारे २४.४ अंशांहून अधिक तिरपा आदळला की बाहेर न पडता संपूर्ण परावर्तित होतो. चांगल्या गोल हिऱ्यात वरून आलेला प्रकाश खालच्या पैलूंवर एकदा, समोरच्या पैलूंवर दुसऱ्यांदा आदळतो आणि पुन्हा वरच्या बाजूने डोळ्यांकडे परततो. खालचा भाग, म्हणजे पॅव्हिलियन, फार उथळ असेल तर प्रकाश पहिल्याच आदळण्यात निसटतो. फार खोल असेल तर दुसऱ्यात. म्हणून या भागाच्या कोनाला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. एका अंशाचा फरकही येथे नजरेस येतो, इतका वरच्या भागाच्या, म्हणजे क्राउनच्या, कोनात येत नाही.

मार्सेल टोल्कोव्स्की या अभियंत्याने १९१९ मध्ये गोल ब्रिलियंटसाठी, म्हणजे नेहमीच्या गोल घडणीच्या हिऱ्यासाठी, प्रमाणांचे गणित मांडले : टेबल, म्हणजे माथ्यावरचा सपाट पैलू, व्यासाच्या ५३ टक्के, क्राउनचा कोन ३४.५ अंश, पॅव्हिलियनचा ४०.७५ अंश. आज टेबल त्याहून थोडे मोठे ठेवतात, पण कोनांच्या बाबतीत ते आकडे अजूनही मार्गदर्शक आहेत. मी निवड करताना टेबल ५४ ते ५८ टक्के, क्राउन ३४ ते ३५ अंश, पॅव्हिलियन ४०.६ ते ४१ अंश आणि एकूण खोली ६० ते सुमारे ६२.५ टक्के या मर्यादेत शोध सुरू करतो. हे कोन परस्परांना सांभाळून घेतात. क्राउन थोडे चढे असेल तर पॅव्हिलियन थोडे उथळ चालते, आणि उलटही. दोन्ही एकदम चढे असले की मात्र प्रकाश गळतो. पहिल्या हिऱ्यात क्राउन ३६ अंश आणि पॅव्हिलियन ४१.८ अंश आहे, म्हणजे नेमके तेच झाले आहे. अशा हिऱ्यात टेबलाच्या कडेखाली एक मंद, करडट वलय दिसते. मधला भाग लखलखला तरी त्याभोवती तेज विझल्यासारखे वाटते. दुसऱ्याचे कोन ३४.५ आणि ४०.८ आहेत. तो अधिक आवडण्याचे कारण हेच असावे.

‘एक्सलंट’ या सर्वांत वरच्या श्रेणीवरही डोळे मिटून विसंबू नये. जीआयएच्या अहवालावर गोल ब्रिलियंटची कट श्रेणी २००६ पासून येऊ लागली आणि तिने ग्राहकाचे मोठे हित केले आहे. पण त्या श्रेणीचा पट्टा रुंद आहे आणि त्यात अत्युत्तमपासून जेमतेम बसणाऱ्यापर्यंत सर्व प्रकार येतात. शिवाय अहवालातील कोन हा आठ पैलूंच्या कोनांची सरासरी असतो आणि छापताना क्राउनचा कोन अर्ध्या अंशापर्यंत, पॅव्हिलियनचा ०.२ अंशापर्यंत पूर्णांकित केलेला असतो. त्यामुळे अक्षरशः सारखे आकडे असलेले दोन हिरे शेजारी ठेवल्यावर वेगळे दिसू शकतात. अहवालाचा उपयोग नको ते हिरे बाजूला काढण्यासाठी करावा. उरलेल्यांतून निवड डोळ्यांनीच करावी लागते.

ती कशी करावी, हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण बहुतेक खरेदीदार हिरा पाहतात तो छतावरच्या प्रखर, टोकदार दिव्यांखाली, आणि त्या प्रकाशात सामान्य हिराही लखलखतो. प्रथम हिरा स्वच्छ पुसून घ्यावा. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर धरतो आणि बोटांचा ओलसर स्पर्शही त्याचे पाणी मंद करतो. मग तो चिमट्यात गर्डलवर धरून त्या दिव्यांपासून दूर, खिडकीतून येणाऱ्या मऊ उजेडात किंवा साध्या ट्यूबलाइटखाली न्यावा. डोळ्यांपासून एक वीतभर तरी दूर ठेवावा, नाहीतर आपल्याच डोक्याची सावली त्यात उमटते आणि हिरा उगाच काळा दिसतो. मऊ उजेडात पांढरे तेज किती सलग परत येते ते कळते. टोकदार दिव्याखाली रंगीत ठिणग्या किती आणि किती मोठ्या उठतात ते कळते. दोन्ही पाहावे, पण निर्णय मऊ उजेडावर सोपवावा, कारण अंगठी दिवसाचा बहुतेक वेळ त्याच उजेडात असणार आहे. हिरा सावकाश डावी-उजवीकडे कलवावा. चांगल्या हिऱ्यात उजळ आणि गडद तुकडे झरझर जागा बदलतात. एखादा भाग कसाही कलवला तरी निस्तेज राहत असेल, तर प्रकाश तेथून गळतो आहे असे समजावे. शेवटी, एकच हिरा कधीही एकटा पाहू नये. शेजारी दुसरा, शक्य असल्यास तिसराही ठेवावा. नजरेला तुलना लागते. तुलनेवाचून अनुभवी पारखीही चकतो.

रंगाकडे वळू. डी पासून झेड पर्यंतच्या श्रेणीत डी, ई, एफ हे रंगहीन आणि जी ते जे हे जवळजवळ रंगहीन मानले जातात. पिवळसर छटा बहुधा हिऱ्यातील नायट्रोजनमुळे येते. प्रयोगशाळेत ही श्रेणी ठरवताना हिरा पालथा ठेवून, ठरावीक प्रकाशात, नमुना हिऱ्यांच्या शेजारी पाहतात, कारण सुलटा असताना तेजामुळे छटा झाकली जाते. म्हणूनच सुघड गोल हिऱ्यात एफ आणि एच यांतील फरक अंगठीत बसवल्यावर ओळखणे फार कठीण आहे. पांढऱ्या धातूच्या कोंदणात जी किंवा एच पुरेसा आहे. पिवळ्या सोन्यात जे, कधी के सुद्धा, छान दिसतो, कारण धातूचा रंग हिऱ्यात प्रतिबिंबित होतोच आणि तेथे डी साठी पैसे मोजणे व्यर्थ जाते. हिरा जसजसा मोठा, तसतशी छटा अधिक जाणवते, एवढे ध्यानात ठेवावे. आणि ही श्रेणी तज्ज्ञांच्या नजरेने ठरते. सीमेवरचा हिरा आज जी ठरेल, पुन्हा पाठवल्यास एच ठरू शकेल. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या काटेकोरपणातही फरक असतो, तेव्हा एका प्रयोगशाळेचा जी आणि दुसरीचा जी एकच, असे गृहीत धरून भावांची तुलना करू नये.

शुद्धतेवर लोक सर्वांत अधिक पैसे वाया घालवतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ही श्रेणी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरते आणि व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय या तिच्या उतरत्या पायऱ्या आहेत. व्हीव्हीएस-२ मधील दोष त्या भिंगातूनही सरावलेल्या नजरेलाच सापडतात. व्हीएस-२ मधील दोष भिंगातून दिसतात, पण नुसत्या डोळ्यांना बहुतेक वेळा दिसत नाहीत. एक कॅरेटच्या आसपासच्या गोल हिऱ्यात एसआय-१ सुद्धा पुष्कळदा डोळ्यांना निर्मळ असतो. श्रेणीपेक्षा दोष कोणता आणि कुठे आहे, हे अधिक विचारावे. टेबलाच्या मधोमध काळा स्फटिक असेल तर तो पैलूंत अनेकदा प्रतिबिंबित होतो. तोच कडेला असता तर हिरा धरून ठेवणाऱ्या कोंदणाच्या नखीखाली झाकला गेला असता. गर्डलपर्यंत पोहोचलेली मोठी चीर मला नकोशी वाटते, कारण हिरा कठीण असला तरी विशिष्ट दिशांनी फुटतो आणि ठोकर बसली तर अशा जागेतून कपचा उडू शकतो. आणखी एक बाब फार थोडे लोक वाचतात : अहवालाच्या टिपणीत शुद्धतेची श्रेणी आकृतीत न दाखवलेल्या ढगांवर आधारित असल्याचा उल्लेख असेल, विशेषतः एसआय-२ मध्ये, तर तो हिरा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घेऊ नये. आकृती अगदी स्वच्छ दिसते, पण अतिसूक्ष्म कणांच्या ढगामुळे सारा हिरा दुधट होऊ शकतो.

फ्लुओरेसन्सची भीती जेवढी घातली जाते तेवढे कारण नाही. अतिनील किरणांत हिरा बहुधा निळा चमकतो, एवढाच त्याचा अर्थ. फिकट किंवा मध्यम निळ्या फ्लुओरेसन्सने दिसण्यात काही बिघडत नाही आणि भाव मात्र थोडा उतरतो. ‘स्ट्राँग’ किंवा ‘व्हेरी स्ट्राँग’ असेल तर उन्हात नेऊन हिरा धुकट दिसतो का ते पाहावे. दिसत नसेल तर निःशंक घ्यावा.

गोलाऐवजी अंडाकृती, थेंबाकृती किंवा मार्कीझ (दोन्ही टोकांना निमुळता) आकार मनात आला, तर वरील आकड्यांचा आधार बराचसा सुटतो. जीआयए अशा आकारांना कटची एकत्रित श्रेणी देत नाही, फक्त पॉलिश आणि सममिती नोंदवते. तेथे मधोमध आडवा काळपट पट्टा, ज्याला बो-टाय म्हणतात, तो किती ठळक आहे हे पाहावे. थोडा असणारच; कलवल्यावरही हटत नसेल तर हिरा सोडावा. टोकांशी रंग साठतो, म्हणून रंगाची एखादी पायरी वर जावे. पायऱ्यांसारखे लांब पैलू असलेल्या एमरल्ड कटमध्ये दोष लपत नाहीत. तेथे शुद्धता व्हीएस-१ च्या खाली नेऊ नये असे मी सुचवतो.

प्रयोगशाळेत घडलेल्या हिऱ्यांविषयी विचारलेले नाही, पण आज खरेदी करताना हा विषय टाळता येत नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५४ मध्ये कृत्रिम हिरा तयार झाला. आता उच्च दाब-उच्च तापमान आणि सीव्हीडी (वायूतून कार्बनचे थर जमवणे) या दोन पद्धतींनी दागिन्यांच्या दर्जाचे हिरे मोठ्या प्रमाणावर होतात. ते खरे हिरे आहेत : तोच कार्बन, तोच कठीणपणा, तेच तेज. डोळ्यांनी, भिंगाने किंवा उष्णतावाहकता मोजणाऱ्या खिशातल्या यंत्राने ते नैसर्गिकापासून वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतील उपकरणे लागतात. ते यंत्र मॉइसनाइटलाही, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेगळ्याच खड्यालाही, हिरा म्हणू शकते, म्हणून त्याच्या ‘टिक’ आवाजावर खरेदी करू नये. कृत्रिम हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत सातत्याने घसरले आहेत आणि परतीचे मूल्य नगण्य आहे. केवळ सुंदर हिरा घालायचा असेल तर ते घेण्यात काहीच उणेपणा नाही, मात्र तो कृत्रिम म्हणून आणि कृत्रिमाच्याच भावाने घ्यावा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून जीआयएने अशा हिऱ्यांसाठी रंग-शुद्धतेची नेहमीची परिभाषा सोडून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ असे ढोबळ वर्ग सुरू केले आहेत, यावरूनही दोन बाजारपेठा किती दूर गेल्या आहेत ते दिसते. नैसर्गिक हिराही गुंतवणूक म्हणून घेऊ नये. किरकोळ भावाने घेतलेला हिरा विकायला गेल्यावर तेवढे पैसे सहसा येत नाहीत.

प्रक्रिया केलेल्या हिऱ्यांबाबत मी अधिक कडक आहे. चिरांमध्ये काचेसारखा पदार्थ भरून शुद्धता वाढल्याचा आभास निर्माण केलेले हिरे मी कोणालाही घ्यायला सांगत नाही. दागिना दुरुस्त करताना ज्योतीचा ताप लागला की ते भरण बिघडते. जीआयए असे हिरे श्रेणीसाठी स्वीकारतच नाही. भाव आश्चर्यकारक रीतीने कमी आणि अहवाल अनोळखी संस्थेचा असेल, तर पहिला संशय याचा घ्यावा. लेझरने छिद्र पाडून काळा कण काढलेला हिरा टिकाऊ असतो, पण ते अहवालात आणि भावात दिसायला हवे.

तेव्हा या दोन हिऱ्यांपैकी ०.९२ कॅरेटचा घ्यावा. अपेक्षेपेक्षा थोडी रक्कम शिल्लक राहील. ती शुद्धता वाढवण्यात न घालता मजबूत कोंदणात घालावी. बोटावरच्या अंगठीला ठोकरा लागतातच, म्हणून चारऐवजी सहा नख्यांचे कोंदण मला अधिक पसंत आहे. एक नखी वाकली तरी हिरा जागेवर राहतो.

पैसे देण्यापूर्वी अहवालाचा क्रमांक जीआयएच्या संकेतस्थळावर टाकून वजन, मापे आणि श्रेणी जुळतात का ते स्वतः पाहावे. अनेक हिऱ्यांच्या गर्डलवर हाच क्रमांक लेझरने कोरलेला असतो. तो भिंगातून वाचून दाखवायला सांगावे, आणि कोंदणात नखीखाली झाकला जाणार नाही अशा रीतीने हिरा बसवायला सांगावे. पावतीवर अहवाल क्रमांक, वजन, रंग, शुद्धता, तसेच हिरा नैसर्गिक असून त्यावर कोणतीही प्रक्रिया केलेली नाही, हे शब्दांत लिहून घ्यावे. परत करण्याची मुदत किती आणि कोणत्या अटींवर, हेही त्याच कागदावर असावे, आणि त्या मुदतीतच विक्रेत्याशी संबंध नसलेल्या रत्नपारख्याकडून हिरा तपासून घ्यावा. अंगठी तयार होऊन हाती आली की घरी नेण्याआधी तेथेच भिंगातून क्रमांक पुन्हा वाचावा, नख्यांभोवतीच्या कडेवर नवा कपचा उडालेला नाही ना हे पाहावे, आणि अंगठी कानाजवळ हलवून हिरा खुळखुळत नाही याची खात्री करावी.